उमरेडची पुसली गेलेली नोंद आणि धकाते सर

धकाते सरांची आणि माझी पहिली भेट नागपुरात सक्करदऱ्याच्या एका दुमजली इमारतीत, त्यांच्या कार्यालयात झाली. माझी आधीची नोकरी सुटली होती आणि मी मुलाखतीला गेले होते. सरांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली, माझा फोन मागून घेतला, त्याचं नेटवर्क बंद केलं आणि मी बनवलेलं ॲप उघडून फोन परत माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. "मॅडम, हे तर टॉवरखाली बसलं तरच चालते," ते म्हणाले. "गाडीवाला काय टॉवरखाली बसून राहीन का?" मी ओशाळून उठायला लागले, तेव्हा त्याच सुरात त्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं.

श्री. दिवाकरराव धकाते यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत; त्यानिमित्त त्यांचा सत्कार होतो आहे आणि हा लेख त्या गौरव अंकासाठी आहे. नागपूर आणि आसपासच्या छोट्या व्यावसायिकांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं एकच काम केलं: माल घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या फोनमध्येच नोंदींचा साठा राहील, नेटवर्क नसतानाही तो चालेल आणि नेटवर्क आलं की सगळ्यांच्या नोंदी एकत्र होतील, अशा प्रकल्पांची आखणी. दूधवाले, बियाणं पोचवणारे, औषधांचे वितरक, असे अनेक जण त्यांच्याकडे आले. पडद्याचं एकही चित्र काढण्याआधी सर त्या धंद्याच्या गाडीत बसून हिंडत. एका दूधवाल्याने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं, की साहेब गाडीत बसतात, चहाचे पैसे देतात, पण प्रश्न इतके विचारतात की दूध नासायची वेळ येते.

हाताखालच्या माणसांना ते कसं वागवत, हेही लिहायला हवं. माझे वडील आजारी होते त्या काळात एका कामाची मुदत अचानक पुढे गेली. ग्राहकाने ती दिली असं मी समजत होते. सरांनी त्याच्याकडे जाऊन ती मागून घेतली होती, हे मला पुष्कळ उशिरा त्या ग्राहकाकडूनच कळलं. सरांजवळ मी विषय काढला, तर त्यांनी मला जेवण झालं का, असं विचारलं.

एवढ्यावर हा लेख थांबवता आला असता. संपादक मंडळाने तसं हलकेच सुचवलंही होतं. मी हुडकेश्वरला सरांच्या घरी जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तेवढं गाळून लिहिलं, तर तो दुसराच कोणी धकाते होईल. त्याच्या सत्काराले मी काहून जाऊ?"

म्हणून ते लिहिते.

घरच्या रुग्णांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणाऱ्या एका व्यावसायिकाचं काम आमच्याकडे आलं होतं. तोवर त्यांचा सगळा कारभार गोदामातल्या फळ्यावर खडूने चाले. आमच्या आखणीत प्रत्येक गाडीवाल्याच्या फोनमध्ये घरांची माहिती राहणार होती: कुठे सिलिंडर हवा आहे, कुठे पोचला आहे. प्रश्न एकच अवघड होता. एकाच घराबद्दल दोन फोन वेगळं सांगू लागले, तर कुणाचं खरं धरायचं? नोंद फोनमध्ये ज्या वेळेला लिहिली, ती वेळ पाहावी, असं आम्ही काही जण म्हणत होतो. सरांनी गाडीवाल्यांचे फोन पाहिले होते. कुणाचं घड्याळ मागे, कुणाची तारीखच चुकलेली. अशा घड्याळांवर रुग्णाचा श्वास टांगायचा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी नियम केला, की गोदामाच्या संगणकावर जी नोंद नंतर पोचेल ती खरी. नियम काळजीपोटी केलेला होता. आम्हा कुणालाच त्यात खोट दिसली नाही.

उमरेडला फुप्फुसाच्या आजाराने घरी पडलेले एक वृद्ध विणकर होते. कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव देत नाही. एका गाडीवाल्याने त्यांच्याकडे सिलिंडर पोचवला, तशी नोंद फोनमध्ये केली आणि तो पुढे नेटवर्क नसलेल्या गावांकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धांच्या मुलाने गोदामात फोन केला: रात्रभर जास्त ऑक्सिजन लागला, सिलिंडर संपत आलाय, लगेच दुसरा पाठवा. गोदामातल्या फोनवर 'हवा आहे' अशी नोंद झाली आणि संगणकावर पोचली. गाडी निघायच्या आत पहिला गाडीवाला नेटवर्कमध्ये आला आणि त्याची आदल्या दिवशीची 'पोचला' ही नोंद संगणकावर येऊन पडली. ती नंतर पोचली म्हणून खरी ठरली. सकाळची मागणी पुसली गेली. मुलाने दुपारी पुन्हा विचारलं, तेव्हा गोदामात सकाळच्या माणसाच्या जागी आलेल्या दुसऱ्याने पडद्यावर पाहून सांगितलं, तुमचा पोचलाय. मुलाला वाटलं, दुसरा सिलिंडर निघाला असं त्याला म्हणायचं असेल, गाडी घराकडेच येत असेल. तो वाट पाहत बसला. संध्याकाळी दवाखान्यात नेताना वडील गेले.

सिलिंडरच्या धंद्याच्या मालकाचं म्हणणं होतं की आपल्या नोंदीत मागणीच नाही, तेव्हा आपण काही बोलायचं नाही. नातेवाईक मुलाला धारेवर धरत होते. त्याने वेळेवर फोनच केला नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि आईने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. सरांना हे गाडीवाल्यांकडून समजलं. त्यांनी पहिल्या गाडीवाल्याचा आणि गोदामातला, असे दोन्ही फोन मागवले आणि नोंदींचा क्रम लावून पाहिला. मग मला म्हणाले की उद्या त्यांच्याकडे तेरवी आहे, सगळे नातेवाईक असतील, तेव्हाच जायला हवं. मालकाने कळवलं की गेलात तर पुन्हा इकडे येऊ नका. सर एसटीने गेले. मी सोबत होते.

मांडवात पंगत अजून बसायची होती. सरांनी स्वतःची ओळख करून दिली आणि उभ्यानेच सांगितलं, "तुमच्या पोराने सकाळीच फोन केला होता. आमच्याकडे नोंद झाली होती. मी बनवलेल्या नियमाने ती पुसली. चूक माझी आहे, त्याची नाही."

वृद्धांच्या पत्नीने विचारलं, "मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं गा?"

"मले कालच समजलं, बाई."

"समजलं तर आता काय करू मी त्याचं?"

एका पाहुण्याने सरांची कॉलर धरली. मुलानेच त्याचा हात सोडवला आणि आम्हाला निघून जायला सांगितलं. मुलाच्या चेहऱ्यावर मला कृतज्ञता दिसली, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं होतं. आता वाचताना ते खरं वाटत नाही. मला ती दिसायला हवी होती, एवढंच.

सरांचं ते काम गेलं, आणि बातमी पसरल्यावर बाकीची कामंही हळूहळू गेली. कार्यालय बंद झालं. दुःखात असलेल्या घरात जाऊन हे सांगणं हा न्याय होता, की त्या बाईंवर आणखी एक ओझं टाकणं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. सरांनाही मी विचारलं आहे. ते म्हणतात, "तिच्यावर ओझं पडलंच. पण पोरावरचं खोटं होतं."

हुडकेश्वरच्या घरी ते आता तरुणांना प्रकल्पाची आखणी शिकवतात. मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात, प्रत्येकाच्या हाती चिठ्ठ्या देतात, उलटसुलट क्रमाने बाहेर बोलावतात आणि कुणाची चिठ्ठी कुणाची खोडते ते त्यांनाच शोधायला लावतात. उदाहरण नेहमी उमरेडचंच असतं. चूक कुणाची होती, हेही ते स्पष्ट सांगतात.

हा लेख लिहिण्याआधी मी परवानगीसाठी उमरेडला गेले. मुलगा दारातच बोलला. सरांच्या सत्काराला येणार नाही, त्यांना माफ केलेलं नाही, हे त्याने आधीच सांगितलं. लिहायला मात्र हरकत घेतली नाही. मी निघताना आतून त्याच्या आईने हाक मारली, "कोण आहे रे? चहा ठेवू का?" तो म्हणाला, "नको माय, चालल्या त्या." दोघांचं बोलणं एवढंच, अगदी रोजच्या आवाजातलं. मी रस्त्यावर येऊन जरा वेळ उभी राहिले.

धकाते सरांना उदंड आयुष्य लाभो, आणि ते चालत्या पायांनी, शाबूत नजरेने जगायला मिळो. मनावरचा भार उतरो, अशी शुभेच्छा मी देत नाही. ती त्यांनी घेतलीही नसती. उमरेडच्या त्या घरात आई आणि मुलगा एकमेकांशी बोलतात, एवढं त्यांना या पानावरून कळावं.