कुंकवाखालची चिनी

आज ऑफिसातून दमून आले, तर शेजारच्या सुमनबाई बॅटरीवरचा नवा फवारणी पंप घेऊन दारात उभ्या.

मला भाषा शिकायचा नाद; उर्दू, बंगाली, कन्नड करत करत, कॉलेजात सोडलेली चिनी भाषा मी पन्नाशीत परत धरली. संध्याकाळी शिकते, सकाळी विसरते. कंटाळून परवाच ठरवलं, पुरे आता.

"ताई, हे चिनी वाचून सांगा बरं. फोननं भाषांतर कराले गेली, तं त्याले काहीच दिसून नाही राह्यलं."

दिसणार कसं? नव्या पंपाची पूजा झालेली आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं चार्जिंगच्या सूचनेवर उमटलेलं. कडेला एकच अक्षर उघडं होतं. तेवढं मला आलं.

"'करू नका' असं लिहिलंय."

"काय नाही करायचं?"

"ते कुंकवाखाली आहे. पुसा ना."

"पूजेचं कुंकू कोनी पुसते का ताई?"

मी ते उघडं अक्षर पुन्हा वाचून पाहिलं. अर्धी सूचना वाचणारी बाई मी.

सुमनबाईंनी पंप उचलला. "मंग चार्जिंगले लावतच नाही. तुम्ही नाही म्हटलं ना! भेंडी थांबीन दोन दिवस."

माझ्या एका अक्षरावर त्यांची फवारणी थांबली. आता तुम्हीच सांगा, ते कुंकू झडेपर्यंत तरी चिनी कशी सोडू?