एक जूनची सायकल

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांचा वाढदिवस एक जूनला. आमच्या गल्लीत एक जूनला जन्मलेली म्हातारी माणसं मोजली तर सात भरतील, कारण त्या काळच्या मास्तरांना तीच एक तारीख सोपी वाटायची. त्याचं नवल कुणालाच न्हाय. पण बाकीचे सहा जण त्या दिवशी घरात बसून जिलेबी खात्यात आणि आमचे मामा सायकल काढत्यात.

वय जेवढं तेवढं किलोमीटर. हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. टॉवेलच्या कारखान्यातनं रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तीस वर्षं सायकलवर पाळीला गेलेला माणूस त्या दिवशी पण पहाटं उठला, आवरलं, सायकल बाहेर काढली, आणि जायचं कुटं हेच कळंना. मंग आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकातनं विजापूर रोडला लागले ते जातच राहिले. अठ्ठावन्न झाले होते म्हणून एकोणतीस किलोमीटर गेले आणि एकोणतीस परत आले. दुसऱ्या वर्षी एकोणसाठ. तवापासनं वळायची जागा दर वर्षी अर्धा किलोमीटर पुढं सरकती. जितं वळत्यात तितल्या दगडाला चुन्याचं बोट लावत्यात. तंबाखू डॉक्टरनं सोडवली, पण चुन्याची डबी अजून खिशात हाय ती ह्याच्यासाठी. मामांच्या हिशोबानं पस्तीस किलोमीटरवर भीमा नदीचा पूल येतो. सत्तरीला पूल गाठायचा, एवढंच एक डोक्यात.

मागच्या जूनच्या आधीच्या जूनला ते परत येताना चक्कर येऊन पडले. एका खरबूजवाल्यानं टेम्पोत घालून आणलं, सायकल आणि मामा दोन्ही खरबुजावर. लई काय लागलं न्हाय, पण घरात सगळ्यांनी धसका घेतला तो घेतलाच. मंग गेल्या वर्षी मे सरत आला तसं माझ्या मालकांनी स्पष्ट सांगितलं की आता बास, ह्या वयात भर उन्हात सदुसष्ट किलोमीटर म्हणजे काय खेळ हाय का, डॉक्टर पण नको म्हणालेत, ती सायकल मी भंगारवाल्याला देऊन टाकतो. मामा भांडले न्हायत. ते खाली बसून चेनला तेल घालत राहिले. मला तेच बघवंना. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

आणि मी बोलून गेले, मी जाते मागनं स्कूटीवर, पाणी घेऊन.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यात त्यांची काय चूक न्हाय. स्कूटी शिकून मला चार महिने झाले होते आणि भाजी मंडईच्या पुढं मी ती कधी नेलीच नव्हती. ट्रक बघितला की मी कडंला थांबायची, तो जाईपर्यंत. माझी लेक आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. आत्या, म्हणजे माझी सासू, म्हणाल्या की सासऱ्याच्या आधी सुनंलाच टेम्पोतनं आणावं लागंल, खरबूजवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. मालक हसले, पण मी सोडलं न्हाय. मंग त्यांनी अट घातली. पूर्ण करून आले तर ठीक. पण ह्या वेळी मधीच थांबावं लागलं, तर संपलं, सायकल भंगारात. मामा म्हणाले, कबूल. मी पण म्हणाले, कबूल. मला कुणी विचारलं नव्हतं तरी.

पहाटं साडेचारला लेकीला पाजलं, आत्यांच्या कुशीत दिलं, आणि निघाले. सात रस्त्यावर चहाच्या गाड्यासुद्धा लागल्या नव्हत्या. मामा पुढं, मी मागं. सायकलच्या चालीनं स्कूटी चालवणं लई अवघड असतंय, हळू चालवली की ती डुलती, आणि ती डुलली की मी दोन्ही पाय खाली सोडते. सोरेगाव सोडलं आणि मागनं पहिला मोठा ट्रक आला. हॉर्न दिला तसं मी कडंला जाऊन थांबलेच. मामा पण थांबले, मागं वळून न बघता. मला काय झालं असंल ते त्यांना कळलं होतं.

"ट्रककडं बघायचं न्हाय. रस्त्याची पांढरी पट्टी हाय की, तिच्याकडं बघ. ट्रकवाल्याला आपलं काय घेणं न्हाय, त्याला डिझेलचं पडलंय."

मंग मी पांढरी पट्टी धरली. खरं सांगते, सीना नदीचा पूल गेला, मंद्रूप गेलं, तोवर माझी भीती न्हाय गेली, पण ती मागं बसली. मी चालवत होते, ती मागं बसून होती, असं. मामा एका चालीत जात होते, पाठ सरळ, कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत पोचायचं असल्यासारखे. मंद्रूपच्या पुढं रस्त्याकडंच्या दगडांवर कुटं कुटं जुने चुन्याचे ठिपके दिसत होते. मामा प्रत्येकापाशी वय सांगायचे, एकसष्ट, बासष्ट, आणि त्या वर्षी घरात काय झालं ते. चौसष्टच्या ठिपक्यापाशी म्हणाले, हितं तुझं लग्न.

साडेसातला आमी सदुसष्टच्या जागेवर होतो. मामांनी डबी काढली, बोट बुडवलं, दगडाला लावलं. पुढं, लांब, नदीकडची झाडं दिसत होती. तिकडं बघून दोन घोट पाणी प्याले आणि सायकल वळवली.

जाताना काय न्हाय, परत येताना ऊन समोरनं. सोलापूरचं ऊन आठ वाजताच दुपारचं असतंय. आधी मामांचं बोलणं बंद झालं. मंग पाय थांबून थांबून चालायला लागले, दोनदा मारायचे आणि सोडायचे. मी जवळ गेले तर कानामागं घामच न्हाय, कोरडं. मला ते बरं वाटलं न्हाय. पाणी द्यायला गेले तर नको म्हणाले, सात रस्त्यावर पिऊ. अट त्यांच्या डोक्यात होती. आता ह्या माणसाला थांबा म्हटलं तर थांबणार न्हाय, आणि न्हाय थांबला तर पडणार. आणि माझं आपलं वेगळंच, दूध भरून आलेलं, ओढणी पुढं घेऊन घेऊन मी बेजार, लेक उठली असंल, रडत असंल. तेवढ्यात मंद्रूपच्या वेशीवरच्या टपऱ्या दिसायला लागल्या.

मी स्कूटी पुढं घातली आणि त्यांच्यासमोर आडवी उभी केली.

"बाजूला हो पोरी," मामा म्हणाले.

"मामा, मला चक्कर येतीया. मला न्हाय चालवता येणार."

हे खोटं होतं. म्हणजे सगळंच खोटं नव्हतं. मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. मंग सायकलवरनं उतरले. "मंग चल आक्काकडं," म्हणाले, जसं काय तेच मला सांभाळून नेत होते.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. मंद्रूपातच असती, सत्तरीच्या पुढची, वाकलेली, पण जिभेला वाक न्हाय. तिनं मला आणि मामांना दोघांना ओसरीत आडवं पाडलं, डोक्यावर ओला पंचा, तांब्याभर ताक, त्यात मीठ. मामांच्या तोंडावर हळूहळू रंग आला. त्यांना जरा डोळा लागला तसं मी आतल्या खोलीत जाऊन दूध पिळून मोकळी होऊन आले. आक्काला सांगावं लागलं न्हाय, तिनं नुसतं दार लोटून घेतलं.

मी बाहेर आले तर मामा उठून बसले होते आणि ती त्यांना झाडत होती. सदुसष्ट वर्षाचा घोडा, भर उन्हात पोरीला घेऊन फिरतोय. वाढदिवस म्हणं. मंग म्हणाली, "जूनात कोण जन्मलंय रं? तू शाळूच्या काढणीतला हायस." शाळू म्हणजे थंडीतली ज्वारी.

मामा म्हणाले की ते तर ठाऊकच हाय, एक जून मास्तरांनी लावली. पण आक्का थांबली न्हाय. तिनं सगळंच सांगितलं, मला, मामांकडं न बघता. आई दिवसभर रानात, आणि हा, म्हणजे मामा, आक्काच्या कडेवर. ही दहा-अकरा वर्षाची. ह्याला उचलून उचलून कंबर मोडली होती. एकदा शाळेत गेला की सुटले, म्हणून एक दिवस हिनंच त्याला हाताला धरून शाळेत नेलं. मास्तरांनी जन्मतारीख विचारली. ही म्हणाली, शाळू काढताना. मास्तर हसले. वय विचारलं, ही म्हणाली सहा. तवा वय बघायची रीत एकच होती, हात डोक्यावरनं घेऊन पलीकडचा कान धरायचा. कान हाताला लागला तर पोरगं सहाचं, न्हाय लागला तर पुढच्या वर्षी या.

"ह्याला चार सरून पाचवं लागलं होतं नुसतं. हात लांब होते, पण कान काय लागंना. मंग मी मागनं मान जरा वाकडी केली. मास्तर पाटीकडं बघत होते."

मी आठवीपर्यंतच शिकले, पण एवढा हिशोब मला येतो. शाळेत सहा लिहिलं तवा खरे चार आणि वर थोडं, म्हणजे आता कागदावर सदुसष्ट तर खरे पासष्ट आणि वर थोडं. माझ्या लेकीच्या दाखल्यावर तास आणि मिनिटसुद्धा हाय, आणि ह्या माणसाचं आख्खं आयुष्य एका वाकड्या मानेवर चाललेलं.

मामा बोटांवर मोजून म्हणाले, "म्हणजे मला जवळजवळ दोन वर्षं आधी घरी पाठवलं की गं."

आक्काचं तोंड एवढंसं झालं. तिला हे सुचलंच नव्हतं. तिनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला आणि अजून ताक आणते म्हणून उठली. मामांची सायकल कशी सुरू झाली, त्या पहिल्या सकाळी जायचं कुटं हे कसं कळंना, ते मला आठवलं. ती सकाळ खरं म्हणजे दोन वर्षांनंतर यायची होती.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यात ती अट होती, सायकल भिंतीला टेकवलेली होती, आणि सात रस्ता अजून वीस-बावीस किलोमीटर लांब. मालक म्हणाले, कुटं हाय तुमी, थांबलात ना मधीच, मला माहितीच होतं.

घाबरले की मी बोलताना चुकते, हे मला ठाऊक हाय. तसं व्हायच्या आत बोलून टाकलं.

"मधीच कुटलं? आज वाढदिवसच न्हाय मामांचा. आमी आक्काला भेटायला आलोय. वाढदिवस शाळूच्या काढणीत हाय, थंडीत, तवा बघू पूर्ण होतंय का न्हाय."

मालकांनी मला ते परत एकदा सांगायला लावलं. मंग विचारलं, हे कुणी सांगितलं. मी फोन आक्काच्या हातात दिला. आक्कानं माझ्या मालकांना काय काय ऐकवलं ते हितं लिहीत न्हाय, पण अट तितंच संपली.

सायकल आक्काकडं ठेवली. मामांना मागं बसवून मी स्कूटी सोलापूरला आणली, पांढरी पट्टी धरून. मागं एवढा जड माणूस बसवून मी पहिल्यांदाच चालवली. वाटेत मामा एकदाच बोलले, "तुला चक्कर आली नव्हती." मी म्हणाले, न्हाय मामा. ते म्हणाले, मला पण न्हाय. घरी लेक आत्यांच्या खांद्यावर हुंदके देत होती. ओढणीखाली घेतली आणि मंग कुटं मला रडू आलं.

आठ दिवस मामांनी सायकलचं नाव काढलं न्हाय. कागदावर आपली सही हाय, पेन्शन त्या तारखेवर, आता ह्या वयात तारीख फिरवायची म्हणजे काय, असं म्हणायचे. मी म्हणाले, कागदावर राहू द्या की एक जून. सायकलला कुटं दाखला लागतोय? डॉक्टरला विचारलं तर ते म्हणाले, थंडीत, सावकाश, मधी थांबत, चालंल. मालकांनी एका रविवारी मंद्रूपला जाऊन सायकल आणली, टेम्पोत न घालता, स्वतः चालवत. दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीवर बसता येत नव्हतं.

परवाच्या फेब्रुवारीत आमी गेलो. आक्काला दिवस आठवत न्हाय, म्हणून रस्त्याकडंच्या रानात बायका शाळू काढायला बसलेल्या दिसल्या, तोच दिवस धरला. मी मागं स्कूटीवर. ट्रक आले आणि गेले. मामांना सहासष्ट पूर्ण झाली, म्हणजे तेहतीस किलोमीटरवर वळायचं. आक्काच्या घरी जाताना एकदा थांबलो, येताना एकदा थांबायचं हे ठरलेलंच.

तेहतीसवर मामांनी डबी काढली, जुन्या ठिपक्यावरच परत चुना लावला. पुढं अर्धा किलोमीटर, त्या दगडावर जूनमधला ठिपका अजून हाय, हे आमा दोघांना ठाऊक होतं. अंगात दम होता, ऊन कोवळं होतं. मी म्हणाले, मामा, जायचं का तितपर्यंत?

त्यांनी तिकडं बघितलं आणि डबी खिशात ठेवली.

"न्हाय. तो पुढच्या वर्षीचा हाय," म्हणाले, आणि सायकल वळवली.