निवडुंगाची पहिली पेज

राजश्रीबाईंनी चौतीस वर्षं सोलापूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशनवाल्यांचा वॉर्ड सांभाळला, आणि त्यातला निम्मा काळ माणसांना खाऊ न देण्यातच गेला. पोट शिवलेल्या पेशंटला काही द्यायचं नाही, हे नातेवाइकांना कधी पटलंच नाही. चादरीत कडक भाकरी निघायची, उशीखाली शेंगाचटणी. बाई दारातूनच लसणाच्या वासावर चोर पकडत. मग पेशंटचा वारा सरला की डॉक्टर पेजेची परवानगी देत, पण तो पहिला चमचा भरवायचा मान आईचा, नाहीतर बायकोचा. बाई तोवर पुढच्या खाटेवर पोचलेल्या असायच्या. याची त्यांना फार चुटपुट होती.

निवृत्तीच्या दिवशी दानम्मा आयानं त्यांना पत्र्याच्या डब्यातला निवडुंग दिला. यंदा मुळांनी डबा फोडला, तेव्हा बाईंनी हातमोजे चढवले, चिमटा घेतला, जुनी माती झाडली आणि गच्चीवर वाळू-खडी घातलेल्या नव्या कुंडीत त्याला बसवलं. दुखावलेल्या मुळांना खत भाजतं, म्हणून कुंडीवर चिठ्ठी लागली: 'कोंब दिसेपर्यंत काही देऊ नये.' पहिला खुराक मात्र आपल्याच हातानं द्यायचा, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

झालं, घराचा वॉर्ड झाला. नवरा, प्रदीपराव, रोज सकाळी गंभीर चेहऱ्यानं विचारत, पेशंटचा वारा सरला का? सासूबाई मीनाबाई मूळच्या कुंभारी गावच्या, वय ब्याऐंशी. उपाशी जीव त्यांना बघवत नसे. तिसऱ्या दिवशी कुंडीत चहाचा चोथा सापडला, आठव्या दिवशी सासूबाईंच्या पदराखाली शेणखताची पुडी. बाईंनी चोथा चिमट्यानं कण कण उचलला आणि भेटीची वेळच बंद करून टाकली.

मीनाबाईंचा संयम तिथं संपला. "तुज्या पोरीच्या येळंला तुजं पोट फाडलं हुतं, तवा दुसऱ्याच दिशी भाकर कुणी मागितली? आन् चोरून दिली कुणी?"

प्रदीपराव हसता हसता पायरीवरच बसले. चौतीस वर्षांचा दरारा एका भाकरीत गेला. बाई आधी लाजल्या, मग त्याही पोट धरून हसल्या, पण चिठ्ठी काही काढली नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी शेंड्यावर हरभऱ्याएवढा पोपटी कोंब दिसला. बाई गच्चीवरून जिना उतरल्या की उडाल्या, त्यांनाही कळलं नाही. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मंच खत त्यांनी पाण्यात कालवलं, औषधाच्या मापानं मोजून. वर येऊन बघतात तो मीनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, चमचा घेऊन कुंडीपाशी हजर. पहिला घास नातेवाइकाचा, हा दवाखान्याचा रिवाज त्यांना पाठ होता.

राजश्रीबाई खताचं पाणी घेऊन मधे शिरल्या. "सरा आत्या," त्या म्हणाल्या. "पेशंट माझा आहे, आणि नातेवाईकही मीच."

मीनाबाईंनी क्षणभर सुनेकडे पाहिलं आणि चमचा तिच्या हातात दिला.

"मंग भरव की. निवतंय."