मोरदरीची माणसं

चाकणच्या शाळेतले ज्योतीराम गुरुजी शिरगणतीला गेले ते वेगळेच होऊन परतले, असं त्यांच्या पत्नी सुमनताई शेवटपर्यंत सांगत.

एक्कावन्न सालचा फेब्रुवारी. गुरुजींकडे चार गावं मोजायला आली होती. त्यांतलं एक मोरदरी. तलाठी चिमाजी म्हणाला, "गुरुजी, ते बेचिराख गाव. अठरा सालच्या मानमोडीच्या तापात निम्मी माणसं मेली, उरली ती उठून गेली. दप्तरात नाव आहे, शिवार आहे, माणूस नाही. बसल्या जागी शून्य मांडा."

पण गुरुजी पडले काटेकोर. भर दुपारी टेकडी उतरून ते मोरदरीत शिरले. भिंती ढासळलेल्या, जोत्यांवर निवडुंग माजलेला. एकाच घरापुढचं अंगण मात्र सारवलेलं होतं, अजून ओलं. उंबऱ्यात साठीची एक बाई बसली होती. नाव कुशाबाई.

"सरकारी मानूस हायसा? बसा. मोजा आमास्नी."

"तुम्ही कायम इथंच राहता?"

"व्हय. लगीन झाल्यापासनं."

"घरात माणसं किती?"

"अकरा."

गुरुजींनी आत डोकावलं. भिंतीकडेला मातीचे अकरा परळ ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकात भाकरीचा चतकोर. बाई एकेका परळाकडे बोट दाखवून सांगू लागली : सासरा तात्याबा, मालक गेनू, दोन दीर, जावा, पाळण्यातली सगुणा. मधेच रिकाम्या कोपऱ्याकडे बघून तिनं दटावलं, "गप ऱ्हावा! पावनं लिवत्यात."

गुरुजींनी लिहिलं : घर एक, बाई एक.

"समद्यास्नी लिवलं न्हवं?"

"लिहिलं," गुरुजी म्हणाले.

तिनं हात जोडले. "इतकी वर्सं कुनी इचाराया आलंच न्हाई, बाबा."

परतीच्या चढणीला त्यांना मागून पावलं ऐकू येत राहिली. एकाची नव्हे, पुष्कळांची. वळून बघायचं धाडस काही झालं नाही.

चिमाजी वैतागला. "एका म्हातारीपायी गाव पुन्हा उभं करता?" गुरुजी हटले नाहीत. जिल्ह्याच्या छापील पुस्तकात मोरदरी आली : लोकसंख्या एक.

ते पुस्तक हाती पडेपर्यंत दोन वर्षं गेली होती. तो आकडा बघितला आणि तोंडावर बोललेलं खोटं गुरुजींना झोपू देईना. खरं सांगून टाकावं म्हणून ते पुन्हा निघाले. टेकडीवर बाईचा पुतण्या मालोजी नांगरत होता; तापानंतर उठून गेलेल्यांतला.

"चुलती गेली, गुरुजी. तुमी येऊन गेला, त्याच म्हैन्यात. म्हनायची, समदी सरकारच्या दप्तरात लागली, आता मी सुटले."

गुरुजी खाली उतरले. अंगणाचं सारवण उडून गेलं होतं. आता तरी नावं घ्यावीत म्हणून त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली. तात्याबा. गेनू. सगुणा. सहा नावं झाली आणि ते अडले. बाकीची काही केल्या आठवेनात. त्या दिवशी ती त्यांनी लिहूनच घेतली नव्हती.

पुढं शाळेत हजेरी घेताना शेवटच्या मुलाचं नाव झालं, तरी गुरुजी पुस्तक मिटत नसत. दाराकडे बघत थांबून राहत. मुलं चुळबुळ करत, पण हसायची छाती कुणाला होत नसे.