भिंगवाल्याचा शिकारी

भिंगवाल्याने एकदा डूख धरला की धरला. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं तो भिंगं फ्रेमच्या मापाला घासत आला होता, आणि केसाएवढी चूक त्याला खपत नसे. चष्मा नीट बसला नाही तर तो गिऱ्हाइकावरच खेकसायचा, जणू त्या बिचाऱ्याने मुद्दाम वाकडं नाक करून आणलंय. मालकाने म्हणूनच त्याला काउंटरपासून लांब ठेवलं होतं.

वडील जाऊन चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत त्याचा सगळा राग एकाच माणसावर गोळा झाला होता. धाकट्या भावावर.

कारण तसंच होतं. वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, भिंगवाल्याच्याच घरी, आतल्या खोलीत. धाकटा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि दर रविवारी न चुकता यायचा. दोनच्या ठोक्याला यायचा, सहापर्यंत बसायचा. पण बसायचा बाहेरच्या खोलीत, टेबलाशी, खेळायला! आतल्या खोलीचं दार आठ पावलांवर. तीन वर्षांत तो त्या दारातून एकदाही आत गेला नाही. अहो, शेजारचा कुणी आजारी पडला तरी माणूस पाच मिनिटं डोकावतो. हा तर सख्खा मुलगा. भिंगवाला मूग गिळून बसला. बापाला भेट म्हणून मुलाला सांगावं लागत असेल तर ती भेट कसली, असं त्याचं म्हणणं. ते म्हणणंही त्याने मनातच ठेवलं.

आता हा खेळ काय, ते सांगायला हवं. एक जण गोष्ट चालवतो, तो भिंगवाला. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. जंगलं, किल्ले, राक्षस, सगळं तोंडानेच. आपला माणूस काय करतो ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा ठरवणार, आकडा मोठा तर जमलं. टेबलाशी तिघे असायचे. धाकटा, खालच्या मजल्यावरचा औषधवाला आणि गणित शिकवणाऱ्या बाई. एकच गोष्ट नऊ वर्षं चालली होती. पन्नाशीला टेकलेली माणसं, पण एखादा राक्षस हातचा निसटला तर आठवडाभर एकमेकांशी धड बोलायची नाहीत.

खलनायक तयार करायची भिंगवाल्याची एक पद्धत होती. प्रत्येकाचा एक कागद. त्यावर शस्त्र, सवयी, भीती, आणि सगळ्यात खाली एक रकाना, 'काय मिळालं तर थांबेल?' नुसता मारून टाकायचा खलनायक त्याच्याकडे नसायचाच. एखाद्याला हरवलेली मुलगी हवी असायची, एखाद्याला नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला. ते शोधून काढणं हाच खेळ. कागद पाकिटात घालून, पाकीट चिकटवून खेळाआधीच बाईंच्या ताब्यात जायचं आणि खलनायकाचा निकाल लागला की उघडायचं. पहिल्याच वर्षी औषधवाल्याने, तुम्ही मधेच बदललंत, असा आरोप करून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. नऊ वर्षांत आपण एक अक्षर बदललं नाही, हे भिंगवाला येताजाता ऐकवायचा.

तर या वेळी त्याने जुन्या वह्या उपसल्या. सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारची नोंद सापडली. बर्फातून वाट दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पाय मोडला होता, आणि धाकट्याचा तिरंदाज म्हणाला होता, "सोडा त्याला इथेच, उगाच गळ्यात लोढणं." सगळे हसले होते, म्हातारा बर्फात राहिला होता आणि गोष्ट पुढे गेली होती.

"सापडलास," भिंगवाला म्हणाला.

त्याने म्हाताऱ्याला एक मुलगा दिला. मुलाला शिकारी केलं. दुपारच्या सुट्टीत, घासायचं मशीन बंद करून, डबा बाजूला सारून तो लिहीत बसला. शिकारी घाई करत नाही. आवाज चढवत नाही. आधी घोडे मारतो, मग दोर कापतो, मग झोप उडवतो, आणि माणूस पुरता रडकुंडीला आल्याशिवाय समोर येत नाही. भावाबद्दल जे जे ठाऊक होतं ते ते त्याने शिकाऱ्याच्या डोक्यात भरलं. तिरंदाज नेहमी डावी वाट धरतो. पहाऱ्याची पाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. आवाज आला की तिकडे पाठ फिरवतो. हे लिहिताना भिंगवाल्याला इतकं बरं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

शेवटच्या रकान्यापाशी पेन्सिल अडली. 'कबुली', असं तो लिहिणार होता. 'क' लिहिलाही. मग त्याला वडील गेले तो दिवस आठवला. सगळ्यांत मोठ्याने कोण रडलं होतं? धाकटा! येणारे-जाणारे त्याच्याच पाठीवरून हात फिरवत होते. भिंगवाल्याने 'क' खोडरबराने पुसला आणि लिहिलं, 'काहीच नाही.' पाकीट चिकटवलं.

पहिल्या रविवारी शिकाऱ्याने घोडे मारले. दुसऱ्या रविवारी त्याने टोळीला सलग तीन रात्री झोपू दिलं नाही आणि बाणाला बांधून चिठ्ठी पाठवली, 'तिरंदाज द्या, बाकीचे जा.'

"हा तुमचा शिकारी माझ्या झोपेत यायला लागलाय हो," औषधवाला कुरकुरला. त्यांनी सोनं देऊ केलं. बर्फातून म्हाताऱ्याची हाडं शोधून काढली, नीट पुरली. उत्तर म्हणून बाणच आला.

"काहीतरी असणारच," बाई वैतागून म्हणाल्या. "तुमच्या कागदावर नेहमी काहीतरी असतं."

"शोधा ना मग," भिंगवाला म्हणाला. धाकटा भावाच्या तोंडाकडे बघत होता.

तिसऱ्या रविवारी धाकट्याने फाशांना हातच लावला नाही.

"तिरंदाज धनुष्य खाली ठेवतो," तो म्हणाला, "आणि एकटाच बाहेर जातो."

"फासा टाक."

"नको. मला शिकाऱ्याशी बोलायचंय."

"बोल."

"त्याला सांग, तुझ्या बापाला मीच सोडलं. लोढणं वगैरे सगळं तोंडदेखलं. त्याला तसं पडलेलं बघायची माझ्यात हिंमत नव्हती." इथे त्याचा आवाज फाटला. "दादा, खोकला मला इथपर्यंत ऐकू यायचा. दर रविवारी ठरवून यायचो, आज आत जायचं. मग खोकला सुरू झाला की मी फासे जोरात टाकायचो. ऐकू येऊ नये म्हणून. चुकलं रे माझं."

औषधवाला आपल्या नखांकडे बघत बसला. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

चार महिने हेच तर ऐकायचं होतं भिंगवाल्याला! 'शिकारी थांबतो', एवढे दोन शब्द म्हणायचे. पण पाकीट बाईंच्या पर्समध्ये होतं. तो थांबला असता तरी ते उघडणार होतं. औषधवाला जन्मभर ऐकवणार होता, भावासाठी बदललंत ना? नऊ वर्षांची ऐट एका दुपारी मातीत. आणि वर, चार महिन्यांचा राग असा एका 'चुकलं'वर सोडून द्यायचा?

"शिकारी सगळं ऐकून घेतो," तो म्हणाला, "आणि बाण सोडतो."

त्याने फासा टाकला. सतरा पडले.

"मेला," भिंगवाला म्हणाला.

बाईंनी पाकीट फोडलं, शेवटचा रकाना वाचला आणि कागद धाकट्यापुढे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला.

"म्हणजे मी काहीही बोललो असतो तरी हेच होणार होतं."

"नियम आहे. लिहिलेलं बदलत नाही."

"तू लिहिलंस ना पण ते?"

धाकट्याने बूट चढवले आणि तो निघून गेला. औषधवालाही उठला. बाई दारात थबकून म्हणाल्या, "यापुढे पाकीट माझ्याकडे देऊ नका," आणि त्याही जिना उतरल्या.

आतल्या खोलीतून बायको बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"एक विचारू? रविवारी दोन ते सहा बाबांजवळ कोण असायचं?"

"मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं सगळं..."

"रोजचं नाही विचारलं. रोज केलंत तुम्ही, नाही कोण म्हणतंय. रविवारचं विचारतेय." तिचा आवाज बिलकुल चढला नव्हता. "एकटीने त्यांना उचलून बसवायचे मी. इथे तुम्ही दाराकडे पाठ करून बसायचात. भाऊजींना खोकला ऐकू यायचा, मग तुमच्या कानात काय बोळे होते? त्यांनी निदान तोंडाने कबूल तरी केलं."

भिंगवाला टेबलावरचे फासे गोळा करायला लागला.

"जा. खालीच असतील अजून. त्यांची स्कूटर लवकर सुरू होत नाही."

खालून किकचा आवाज आला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग बराच वेळ काहीच नाही, जणू कुणी हँडल धरून नुसतं उभं आहे. बायको नवऱ्याकडे बघत उभी राहिली. पुढच्या किकला स्कूटर सुरू झाली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन वळली. भिंगवाला खुर्चीतच बसून होता.