पास्कूमामांची स्क्रीन

पाचव्यांदा पास्कूमामांनी अंगठा टेकवला आणि पाचव्यांदा कॉम्प्रेसर सुरू होऊन लगेच बंद पडला.

"परत करतंय गो बाय. चुकलंय खंय ता सांग," ते म्हणाले. आवाजात ना राग, ना लाज.

मालवणच्या एका बर्फाच्या कारखान्यातली ही गोष्ट. मी सर्व्हिस इंजिनिअर. कारखान्यांमध्ये कंट्रोल पॅनल बसवायची आणि तिथल्या माणसांना ते शिकवायचं, हे माझं काम. माहेर इथलंच, मालवणजवळच्या मसुऱ्याचं, नोकरी पुण्याच्या कंपनीत, आणि आठ वर्षं कोकणपट्टी माझ्याकडे. पास्कूमामा म्हणजे तिथले ऑपरेटर, वय एकोणसाठ. तीस वर्षं त्यांनी तो प्लांट कानाने चालवला. पाइपावर हात ठेवून गॅस कमी आहे की जास्त ते सांगायचे आणि मी गेज बघेपर्यंत व्हॉल्व्ह फिरवून मोकळे व्हायचे.

बर्फ कसा होतो ते थोडक्यात सांगते. अमोनिया गॅस कॉम्प्रेसरने दाबायचा, पाण्याने थंड करून त्याचं द्रव करायचं, आणि ते पुन्हा फैलावताना जो गारवा होतो त्याने मोठ्या टाकीतलं खारं पाणी गार करायचं. त्या टाकीत गोड्या पाण्याचे डबे बुडवून ठेवले की लादी तयार. आधी पाण्याचा पंप, मग टाकी ढवळणारा पंखा, मग कॉम्प्रेसर. क्रम चुकला की दाब वाढतो आणि प्लांट ट्रिप होतो, म्हणजे आपला आपण बंद पडतो.

हे सगळं मामांना झोपेतही येत होतं. अडत होतं ते अंगठ्याशी. जुन्या स्टार्टरचं बटण जोर लावून दाबून धरावं लागायचं. मामा स्क्रीनवरही तसाच अंगठा रुतवायचे, आणि स्क्रीन ते दोनदा धरायची: एकदा चालू, एकदा बंद.

"मामा, दाबायचं नाही. नुसतं टेकवायचं."

"असा? तान्ह्या पोराक हात लावतत तसा?"

सहाव्या वेळी प्लांट सुरू झाला.

मालक बाबूशेटनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात मामांना जमलं तर ठीक, नाहीतर गोव्याहून नवा ऑपरेटर येणार आणि मामा गेटवर लाद्या ओढायला. हंगाम सुरू होऊन होड्या समुद्रात जायच्या आधी बर्फ तयार हवा, त्यामुळे शेट ऐकून घेणार नव्हते. मामांनीही मला सरळ सांगितलं, "गेटार जावक माका नाय जमाचा. पाठ ऱ्हवली नाय. आणि ह्या मशीन माझा आसा."

खरं सांगते, मी मनातून हात टेकले होते. पण हा माणूस सकाळी माझ्याआधी हजर असायचा. रोज एक नवीन बटण शिकायचा. दहाव्या दिवशी त्यांनी स्क्रीनकडे जवळजवळ न बघता अख्खा प्लांट सुरू केला. मी पुण्याला फोन करून ऐट मिरवली.

बाराव्या दिवशी कंपनीने प्रोग्रामचं नवीन व्हर्जन पाठवलं. काम तेच, फक्त बटणांच्या जागा बदलून स्क्रीन जरा नीटनेटकी केलेली. मी ते दुपारी टाकलं. मामांना सांगावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबूशेट बघायला आले. मामांनी ऐटीत बोट टेकवलं आणि पंपाऐवजी कॉम्प्रेसर सुरू झाला. दाब वाढला, भोंगा वाजला, प्लांट ट्रिप.

"बघितलात, मॅडम?" शेट म्हणाले. "ह्या वयात नाय व्हायचा. सोमवारी गोव्याचो माणूस येतलो."

ते गेल्यावर मी मामांवर चिडले. "मामा, तिथे स्पष्ट 'कॉम्प्रेसर' लिहिलंय की!"

"इंग्लिशीत लिवलला आसा," ते शांतपणे म्हणाले. "मराठी माका वाचूक येता. इंग्लिश येणा नाय. खंयचा बटण खंय आसा, ता पाठ केलंय."

त्यांनी खिशातून चर्चच्या कॅलेंडरचं एक पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला माझी सगळी स्क्रीन रंगीत पेन्सिलींनी काढलेली. सदतीस चौकोन. एकही जागा चुकलेली नाही.

माझी ऑफिसची मराठी तिथेच संपली. "तुमी आधी कित्याक नाय सांगलात?"

"तू विचारूकच नाय." मग पान खिशात ठेवून म्हणाले, "आता नवीन पाठ करतंय. दोन दिस दी माका."

त्या माणसापुढे मला फार लहान वाटलं. सदतीस चौकोन पुसले गेले होते, माझ्यामुळे, आणि हा गृहस्थ पेन्सिलीला टोक काढत होता.

मी पुण्याला फोन लावला. "सर, स्क्रीन मराठीत करायची आहे."

"आपलं स्टँडर्ड इंग्लिश आहे. ते होत नाही, तुला माहितीये."

माहीत होतं. आठ वर्षं मीच सगळ्यांना तसं सांगत आले होते. मामांनाही तेच सांगितलं.

"होणा नाय," त्यांनी विचारलं, "की तू कधी करून बघूक नाय?"

मी लॅपटॉप उघडला. पॅनलला मराठी अक्षरं कळत नव्हती, पण चित्रं चालत होती. म्हणजे प्रत्येक शब्दाचं चित्र करून बटणावर चिकटवता येणार होतं. किचकट काम, पण होण्यासारखं. मी शब्दकोश काढून 'संपीडक', 'प्रशीतक' असं लिहायला लागले.

मामांनी वाचलं. "ह्याच्यापेक्षा इंग्लिश बरा."

मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. वरचो दाब. खालचो दाब. पाण्याचो पंप. टाकीचो पंखो. कॉम्प्रेसर मात्र कॉम्प्रेसरच. दीड दिवस आम्ही दोघं त्या पॅनलसमोर खुर्च्या टाकून बसलो होतो. पुण्याला कळवलं नाही.

सोमवारी सकाळी शेट आले; गोव्याचा माणूस संध्याकाळी पोचायचा होता. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बटणां हलव. सगळ्यांचे जागे बदल."

"मामा, कित्याक? परत चुकला तर गेटार जातलात."

"पाठ केलंय असा शेट म्हणतले. हलव तू."

मी हलवली. मामांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचला आणि क्रमाने प्लांट सुरू केला. दाब जागेवर, भोंगा गप्प. दुसऱ्या दिवशी पहिल्या लाद्या निघाल्या. गोव्याच्या माणसाला शेटनी सोमवारीच फोन करून येऊ नको म्हणून कळवलं होतं.

पण ती सकाळ माझ्या लक्षात राहिली ती वेगळ्याच कारणाने. प्लांट सुरू झाल्यावर बाबूशेट निघाले नाहीत. स्क्रीनजवळ वाकून वाचत राहिले.

"वरचो दाब," ते हळूच म्हणाले. "ह्यो वाढलो तर काय बघूचा, पास्कू?"

"आधी पाण्याचो पंप, शेट."

"पंधरा दिस झाले हेका बसवून," शेट माझ्याकडे न बघता म्हणाले. "आज माका समजला."

प्रत्येक ट्रेनिंगच्या शेवटी मी विचारते, "काही शंका?" आठ वर्षांत एकाही कारखान्यात कोणाला शंका नव्हती. मी उत्तम शिकवते, असं मी समजत होते.