मिस्त्रीच्या घरची मागची भिंत

गाव सोडलं त्या सकाळी माय मला बसपर्यंत पोचवायला आली नाही. तिने मला घराच्या मागे नेलं. तिच्या खोलीची मातीची भिंत आदल्या पावसाळ्यात फुगली होती आणि छपराच्या कवेलूंखालून एक भेग उतरली होती. मायने भेगेत बोट घातलं. दोन पेरं आत गेली.

"पाह्य बरं. मंग जा."

चामोर्शीची बस निघायला अर्धा तास होता. मी म्हणालो, "एका वर्षाची तर गोष्ट आहे. आलो की पहिलं काम हेच."

"पावसाच्या आंदी येजो," ती म्हणाली. मी हो म्हणालो. सौदा ठरला.

त्या सौद्याचं पुढे काय झालं ते गावात सगळे आपापल्या परीने सांगतात. आता माझं ऐका. गावात राहिलेल्यांनी ऐका, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनीही, कारण शहाणपण मला दोघेही शिकवता.

बाबा मिस्त्री होते. त्यांच्या हाताखाली मी घमेली उचलली. ते गेल्यावर चंद्रपुरात ठेकेदारांकडे राबलो आणि भांडून भांडून नकाशा वाचायला शिकलो. कुणाचा वशिला नव्हता. पुढे एका संस्थेने आफ्रिकेत मलावीला पाठवलं, गरीब गावांत शाळा बांधायला. तिथे सव्विसाव्या वर्षी माझ्या हाताखाली इंजिनिअर झालेली गोरी मुलं होती आणि भिंत सरळ आली का पाहायला ओळंबा कसा धरायचा हे मी त्यांना दाखवत होतो.

तिथले लोक मला म्वेन्ये म्हणत. हिंदुस्थानी दुकानदारांसाठी त्यांचा हा शब्द आहे. मी दुकान कधी टाकलं नाही, पण घासाघीस माझ्या रक्तात आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं. शाळेसाठी गावाने विटा पाडायच्या, बायकांनी पाणी आणायचं, सिमेंट, पत्रे आणि कारागिरी आमची. मुखियाने मक्याच्या काढणीसाठी दोन आठवडे मागितले. आंब्याखाली दुपारभर त्याच्याशी भांडून मी एक दिला.

अडचण हंगामाची होती. मलावीचा पाऊस एप्रिलात थांबतो आणि बांधकाम सुरू होतं. गावाकडेही घर दुरुस्त करायचे दिवस तेच. पहिल्या उन्हाळ्यात मायचा फोन आला. "कवा येतं?" मी म्हणालो, खिडक्यांपर्यंत भिंती आल्यात, अर्धं काम सोडून कसा येऊ? दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रश्न. मी म्हणालो, "मागच्या पावसात टिकली ना? आणखी एक टिकेल. दिवाळीला येतो." गिऱ्हाईक पटवावं तसं मायला पटवलं. ती एवढंच म्हणाली, "तुले जमन तवा ये बाबू."

आता तुम्ही म्हणाल, दुसरा मिस्त्री बोलवायचा. इथेच माझी दादावर तक्रार आहे. आमच्या बाबांचा नियम होता: मिस्त्रीच्या घराला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागता कामा नये. "लागला का घरच्या मिस्त्रीच्या थापीले गंज चढला समजा." मोठा भाऊ मारोतीदादा धानाच्या गिरणीत कामाला. त्याने भिंतीला सागाचा टेकू दिला, पण मिस्त्री काही बोलावला नाही. हा बाबांच्या शब्दाचा मान होता की माझ्यावरचा राग, हे मी त्याला अजून विचारतो. तो म्हणतो, "मिस्त्री तू. भिंत तुही. मले काऊन विचारतं?"

श्रावणात दादाने फोनवर सांगितलं, माय हातपंपावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, गडचिरोलीला दवाखान्यात आहे. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. घसरण्यात माझा काही हात नव्हता. मी मायशी बोललो. "शेवाळ होतं रे," ती म्हणाली. मी कामाला लागलो.

तीन आठवड्यांनी शेजारच्या मंदाकाकूचा फोन आला. "कोनं सांगितलं तुले घसरली म्हून? भिंत पडली तिच्या अंगावर. डाक्टरलेबी तिनंच खोटं सांगितलं. मिस्त्रीच्या घरची भिंत पडली म्हून लोक हासतीन म्हने. अन् तू लोकायच्या शाळा बांधून राह्यला!"

शाळेवर पत्रे चढायचे होते. तसंच सोडून आलो.

मागच्या बाजूला निळी ताडपत्री बांधलेली होती. दादाशी अंगणातच जुंपली. शब्द असे गेले की ते इथे सांगता येत नाहीत. चौकातले येऊन ऐकत उभे राहिले. माय ओसरीत खाटेवर होती, अर्धी उरलेली. मी कुणाशी न बोलता पडलेली माती उपसली, पाया मोकळा केला, विटांचा ट्रॅक्टर सांगितला. संध्याकाळी मायने दादाला हाक मारली.

"मारोती, नामदेव मिस्त्रीले सांगून ये. उद्या ये म्हना."

नामदेव शेजारच्या गावचा. मी ओरडलोच, "माय, मी आलो ना! बाबांचा नियम काय होता?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुह्या बाबाचा नियम घरी राहनाऱ्या मिस्त्रीसाठी होता."

नामदेवने चार दिवसांत भिंत उभी केली. मी रोज तिथे खुर्ची टाकून बसलो. दोष काढायला बसलो होतो हे त्यालाही कळलं होतं. चौथ्या दिवशी त्याने ओळंबा माझ्यापुढे धरला. "घ्या भाऊ, पाहून घ्या." पाहिलं. दोष नव्हता.

मी पुन्हा मलावीत आहे. पत्रे चढले, आता पुढच्या गावात शाळा चालू आहे. तुमचं घर कुठे असं इथली मुलं विचारतात तेव्हा मी गावाजवळच्या चामोर्शीचं नाव सांगतो आणि विषय बदलतो. माझ्या घराला आता एक अशी भिंत आहे जिच्याबद्दल मला तोंड उघडायचा हक्क नाही. दादा सांगतो, त्या भिंतीला पाठ लावून माय रात्रभर शांत निजते. मी कधी येणार हे ती आता विचारत नाही.